मस्कतचं जातं

मडिवाळप्पाचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा. कामावर न्यायची गाडी सव्वापाचला यायची. मधल्या दीड तासात तो अंघोळ करायचा, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा करायचा आणि मग जात्यावर बसायचा. पाऊण तास दळायचा. सव्वा किलो पीठ निघायचं. तेवढं झालं की त्याची बायको नीलम्मा परात पुढे ओढायची.

बाप्या माणूस जात्यावर बसतो हे आमच्या उदगीरकडे कुणी खरं मानलं नसतं. मस्कतमध्ये आम्ही एकटी माणसं कंपनीच्या कॅम्पात राहायचो, तिथेही सगळे हसले. मीसुद्धा हसलो. म्हणून तो जात्यावर कसा बसला ते आधी सांगितलं पाहिजे.

मडिवाळप्पा उदगीरच्या पलीकडचा, कर्नाटकाच्या शिवेवरच्या गावचा. घरात कानडी, बाजारात मराठी. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही दोघं एकाच रस्त्याच्या कामावर खडी फोडायला होतो. तो सोळाचा, मी अठराचा. खडी सगळेच फोडायचे. मडिवाळप्पा मात्र जेवणाच्या सुट्टीत वडारांच्या शेजारी जाऊन बसायचा आणि छिन्नी कशी धरतात ते बघायचा. सहा महिन्यांत त्याला दगडाची नस कळायला लागली. कुठं मारलं की कुठं फुटेल, हे तो मारायच्या आधी सांगायचा.

त्या वर्षी त्याचे वडील मलप्पा पोटासाठी हैदराबादला गेले. अडीच वर्षांनी आले. गेले तेव्हा धाकटी लक्ष्मम्मा रांगत होती. आले तेव्हा ती साडेतीन वर्षांची झाली होती. दारात माणूस बघून ती आईच्या मागे लपली आणि म्हणाली, "अव्वा, कोण आलंय बघ." मलप्पा आत आले नाहीत. थोडा वेळ उंबऱ्यावर बसले. मग बैलं बघून येतो म्हणून उठले. बैलं विकून वर्ष झालं होतं.

हे मला मडिवाळप्पानं एकदाच सांगितलं. लातूर जिल्हा झाला त्या वर्षी, ब्याऐंशी साली. नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्यांची, क्वार्टरांची कामं निघाली होती आणि आम्ही दोघं तिथं दगडकामावर होतो. पुढच्या वर्षी मस्कतच्या एका कंपनीचा माणूस दगडाचे कारागीर शोधत लातूरला आला. त्यानं परीक्षा घेतली. एक फूट बाय एक फूट दगडाचं तोंड घडवायचं. मडिवाळप्पानं पट्टी लावून दाखवली तर पट्टीखालून उजेड दिसत नव्हता. माझ्या दगडाखालून थोडा दिसला, पण घेतलं दोघांनाही.

सही करायच्या आधी मडिवाळप्पानं विचारलं, "बायको-लेकरं नेता येतात का?"

"मुकादम झालास तर खोलीपुरता पगार मिळेल. मग ने."

"मुकादम व्हायला किती दिवस लागतात?"

त्या माणसानं त्याच्याकडे नीट बघितलं. "कामावर आहे," म्हणाला.

चौदा महिने लागले. त्यानं मुत्राह गावात, डोंगराला चिकटलेल्या एका घराची खालची खोली घेतली. मी त्याला समजावलं.

"अरे, लातुरात प्लॉटचे भाव रोज वाढायलेत. कलेक्टर कचेरीच्या मागं आत्ता घेतला तर मिळंल. खोलीत पैसे घालून काय करतोस?"

"प्लॉट कुठं जातोय."

"प्लॉट जात न्हाई. भाव जातो."

"जाऊ दे. माझं लेकरू दोन वर्षाचं होतं तवा आलो मी. आता तीनाचं झालं."

मग मी विषय काढला नाही.

चौऱ्याऐंशीच्या दिवाळीनंतर नीलम्मा दोन लेकरं घेऊन आली. सिंधु सात वर्षांची, सिद्धलिंग तीन पूर्ण. सगळे त्याला सिद्दू म्हणायचे. विमानतळावर सिद्दूनं बापाकडे बघून आईच्या पदरात तोंड घातलं. मडिवाळप्पानं त्याला उचलायला हात पुढे केले नाहीत. त्यानं पिशव्या उचलल्या.

नीलम्मा दुष्काळात वाढलेली बाई. खोलीत नळ होता आणि नळाला दिवसभर पाणी होतं. तरी ती पहाटे उठून घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवायची. तांब्या, पातेली, डबे, अगदी चहाची किटलीसुद्धा. लेकरांना घमेल्यात उभं करून अंघोळ घालायची आणि त्या पाण्यानं फरशी पुसायची. सिंधु म्हणाली, "अव्वा, इथं नळ बंद होत न्हाई." नीलम्मा म्हणाली, "आज झाला न्हाई."

मी दर शुक्रवारी त्यांच्याकडे जेवायला जायचो. शुक्रवारी काम बंद असायचं. नीलम्मानं येताना सहा किलो ज्वारीचं पीठ आणलं होतं. महिनाभर त्याच्या भाकरी झाल्या. पीठ संपलं आणि सिद्दू जेवायचा थांबला.

भात पुढे केला की मान फिरवायचा. तिथल्या भट्टीची गरम रोटी आणली, ती त्यानं चप्पल ठेवतात तिथं नेऊन ठेवली. चपाती, बिस्किट, केळी, सगळ्याला एकच उत्तर, "ब्याड." कानडीत ब्याड म्हणजे नको. दोन घोट दूध प्यायचा, तेवढ्यावर दिवस काढायचा. गावाहून मागवलेलं पीठ टपालानं पोचेपर्यंत कडू झालं, त्याची भाकरी थापली की तुकडे पडायचे. दीड महिन्यात पोराच्या बरगड्या मोजता यायला लागल्या.

दवाखान्यातला डॉक्टर आपल्याच मुलखाचा होता, सोलापूरकडचा. त्यानं सिद्दूला वजनाच्या काट्यावर बसवलं. साडेदहा किलो.

"पोटात आजार काही नाही," तो म्हणाला. "पण हे असं चालणार नाही. दोन महिन्यांत एक किलो वाढलं पाहिजे. नाही वाढलं तर मुलाला आईबरोबर गावी पाठवा. तिथं खाईल तो."

मडिवाळप्पानं मान हलवली. घरी आल्यावर नीलम्मा म्हणाली, "जावं लागलं तर जाते मी. लेकरू वाळवून हितं ऱ्हायचं न्हाई मला."

"दोन महिने हायेत."

"दोन महिन्यात ज्वारी उगवंल का हितं?"

ज्वारी मिळाली, पण कुठं? गुराढोरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानात. दुकानदारानं मडिवाळप्पाला विचारलं, "पक्षी किती आहेत?" मडिवाळप्पा म्हणाला, "दोन. एक खातं, एक खात न्हाई." दुकानदारानं आजारी पक्ष्यासाठी औषधही दाखवलं.

पाच किलोची पिशवी नीलम्मापुढे ठेवली. तिनं एक मूठ भरून घेतली, उघडली आणि दाणे परत पिशवीत सोडले. दाणे तांबडे होते.

"ही मिलो हाय."

"ज्वारीच हाय ती."

"मिलो हाय. बहात्तरला रेशनवर येत होती. मी बारा वर्षाची होते. घसा खरवडायची. तवाच म्हणलं होतं, माझ्या लेकरांना ही कधी घालणार न्हाई."

"मी बी खाल्ली की गं."

"खाल्ली ना? मग आणलीत कशी?"

मडिवाळप्पा म्हणाला, "दुसरी मिळत न्हाई म्हणून." एवढंच. बराच वेळ पिशवी तशीच पडून होती. मग नीलम्मानं सुपात दाणे घेतले आणि निवडायला बसली. तिची आई उकळत्या पाण्यात पीठ भिजवून मिलोची भाकरी जमवायची, हे तिला आठवत होतं. ते आठवायला नको होतं, असंही ती म्हणाली.

आता दळायचं कुठं? गव्हाच्या गिरणीवाल्यानं कोंबड्यांचे दाणे चक्कीत टाकायला नकार दिला. त्याचंही बरोबर होतं. शेजारच्या केरळच्या बाईकडे मिक्सर होता. त्यात घातलं तर रवा निघाला आणि मिक्सर तापून बंद पडला. मग मडिवाळप्पा म्हणाला, "जातं करतो."

त्याच्यासारख्या कारागिराला जातं म्हणजे आठवड्याचं काम. आमच्या साईटवर सरकारी इमारतीला पिवळसर पांढऱ्या दगडाच्या लाद्या बसत होत्या. मोडके ठोकळे बाजूला पडलेले असायचे. वरच्या साहेबाला विचारून त्यानं दोन ठोकळे घेतले. दिवसा दहा तास छिन्नी चालवायची आणि संध्याकाळी घरी येऊन परत दोन तास. पाच दिवसांत जातं तयार. चौदा इंच व्यास, वरचा दगड तीन इंच, खालचा चार. मधोमध लाकडी खुंटा. घोटीव काम. मी हात फिरवून बघितला, कुठं बोट अडलं नाही.

पहिलं दळण आपण गुरांना टाकतो, तसं त्यानं पहिली तीन दळणं घरमालकिणीच्या कोंबड्यांना टाकली. चौथ्या दळणाची भाकरी झाली. त्या शुक्रवारी मी तिथंच होतो. भाकरीचा वास आला तसा सिद्दू खेळायचा थांबला. स्वतः होऊन ताटापुढे बसला. नीलम्मानं कुस्करून दुधात घातली. त्यानं पहिला घास घेतला, दुसरा घेतला. तिसऱ्याला थांबला. दाताखाली कचकच लागली. सगळं तोंडातून बाहेर काढलं आणि भिंतीकडे सरकून बसला.

मी एक तुकडा खाऊन बघितला. वाळू खाल्ल्यासारखं होतं. जात्याचा दगड झिजून पिठात उतरत होता.

त्या दिवसापासून सिद्दूला भाकरीही ब्याड झाली. मडिवाळप्पानं छिन्नीनं टोचून जात्याला परत टाकी दिली, धुतलं, घासलं, पुन्हा दळलं. पुन्हा कचकच. दोन महिन्यांतले सव्वीस दिवस उरले होते. नीलम्मानं मला तिकिटाची चौकशी करायला सांगितलं. मडिवाळप्पा ते ऐकत होता. मला नको म्हणाला नाही.

घराची मालकीण वरच्या मजल्यावर राहायची. साठीची बाई, सगळे तिला उम्म सालिम म्हणजे सालिमची आई म्हणत. तिच्या नातींबरोबर खेळून सिंधु तीन महिन्यांत अरबी बोलायला लागली होती. मडिवाळप्पा अंगणात तिसऱ्यांदा टाकी देत बसलेला बघून म्हातारी खाली आली. जात्यावर बोट फिरवलं, बोटाला लागलेली पांढरी पूड बघितली आणि हसायला लागली. सिंधुकडे बघून काहीतरी म्हणाली.

"काय म्हणती?" मडिवाळप्पानं विचारलं.

सिंधु घरात जायला निघाली.

"सांग की."

"म्हणती, तुझ्या बापाला कुणी सांगितलं चुन्याचं जातं करायला? म्हणती, खडूवर दळायलाय."

मडिवाळप्पाच्या हातातला हातोडा खाली आला. मीही बघत राहिलो. ही चूक आमच्याकडचाच माणूस करणार. आमच्या मुलखात दगड म्हणजे काळा दगड. नदीत तोच, विहिरीत तोच, जात्यालाही तोच. जात्यासाठी दगड निवडावा लागतो हे आम्हाला कधी शिकावंच लागलं नव्हतं. बारा-तेरा वर्षं दगडात काढून मडिवाळप्पानं दगड न बघता घेतला होता. दिवसभर तोच हाताखाली होता म्हणून.

म्हातारीनं पुढे सांगितलं, आमची जाती वादीतल्या दगडाची असायची. वादी म्हणजे डोंगरातली कोरडी नदी, वर्षातून एखाद-दोनदा वाहणारी. ती त्या घरामागेच अर्ध्या तासाच्या चालीवर होती. रोज आम्ही गाडीतून तिच्या पुलावरून जायचो.

शुक्रवारी पहाटे आम्ही दोघं गेलो. पाण्याचा थेंब नाही, नुसते गोटे. मडिवाळप्पा एकेका गोट्यावर हातोडा टेकवून आवाज ऐकत चालला. पांढरा सोडला, तांबूस सोडला. मग एक मोठा काळपट गोटा सापडला. त्यानं वाजवला. घंटेसारखा खणखणला. कान लावून परत वाजवला.

"हा उदगीरचा हाय," म्हणाला.

तो गोटा आम्ही जागेवरच फोडला. अर्ध्या दिवसात तीन छिन्न्यांची टोकं बोथट झाली. दोन तुकडे पाठीवर बांधून आणले. मी दोनदा बसलो, तो एकदाही बसला नाही. हा दगड पांढऱ्यासारखा लोण्यावाणी नव्हता. संध्याकाळच्या दोन तासांत अंगठ्याएवढी जागा सरळ व्हायची. दहा तास साईटवर आणि वर हे. पंधरा दिवस लागले. वरच्या दगडाचं तोंड पाडायलाच तीन संध्याकाळी गेल्या. हाताला पट्ट्या बांधून तो कामावर यायचा. साहेबानं विचारलं तर म्हणायचा, घरचं काम आहे.

जातं मांडलं तेव्हा आठ दिवस उरले होते. पहिली तीन दळणं परत कोंबड्यांना गेली. चौथं दळण त्यानं स्वतः बोटांनी चोळलं, मग जिभेवर ठेवलं. दाताखाली काही आलं नाही.

पण सिद्दू भाकरीकडे बघेना. ताट पुढे ठेवलं की भिंतीकडे सरकायचा. असे दोन दिवस गेले. नीलम्माचं अंग दुखत होतं, पाण्याची भांडी आणि पोराची काळजी यानं ती थकली होती. मडिवाळप्पा म्हणाला, "तू झोप. दळतो मी." आणि पावणेचारला उठून तो जात्यावर बसला.

जात्याच्या घरघरीनं सिद्दू जागा झाला. अंथरुणातून उठून आला आणि थोडा लांब उभा राहिला. मडिवाळप्पानं त्याला बोलावलं नाही. दळत राहिला. पोरगं बसलं. थोड्या वेळानं सुपातला एक दाणा उचलून त्यानं जात्याच्या तोंडात टाकला. वरून दाणा गेला आणि बाजूनं पीठ आलं. त्यानं आणखी दोन टाकले. मग मूठ भरून टाकली. पाऊण तास तो घालत होता आणि बाप फिरवत होता.

"कोणाची भाकर ही?" नीलम्मानं तवा ठेवताना विचारलं.

"नंदु," सिद्दू म्हणाला. म्हणजे माझी.

माझी म्हटल्यावर ती दुसऱ्याला देता येत नव्हती. त्यानं अर्धी खाल्ली, दुधात कुस्करून. उरलेली अर्धी हातात धरून ठेवली. सिंधुनं मागितली, तिला दिली नाही. मडिवाळप्पाला गाडी गाठायची होती. तो निघाला तसं सिद्दूनं हातातल्या भाकरीचा एक तुकडा मोडून त्याच्याकडे धरला.

हे सगळं नीलम्मानं मला सांगितलं. मडिवाळप्पा त्या दिवशी कामावर आला, तेव्हा त्यानं फक्त एवढंच विचारलं की तिकिटाचं कुणाला सांगून ठेवलंय का. मी म्हटलं हो. तो म्हणाला, "नको म्हणून सांग."

"अजून काट्यावर कुठं घातलंय?"

"घालू की."

डॉक्टरच्या काट्यावर किलो भरला नाही. त्या थोड्या दिवसांत सहाशे ग्रॅम वाढलं होतं. डॉक्टरनं विचारलं, काय खातो? मडिवाळप्पा म्हणाला, भाकरी. डॉक्टर म्हणाला, इथं ज्वारी कुठं मिळाली? मडिवाळप्पानं खरं सांगितलं. डॉक्टरनं थोडा वेळ कागदावर काहीतरी लिहिलं, मग म्हणाला, "एक महिन्यानं परत दाखवा. आणि त्या दुकानाचं नाव मला लिहून द्या."

त्यानंतर गावी जायचं कुणी काढलं नाही.

पुढची सात वर्षं मडिवाळप्पा पावणेचारला उठून जात्यावर बसला. नीलम्मा बरी झाल्यावर म्हणाली, आता मी दळते, लोक हसतात. तो म्हणाला, लोकांना पहाटे पावणेचारला उठायचं कुठं हाय? सिद्दू शाळेत जायला लागला तरी मूठ घालायला उठायचा. न उठला तर मडिवाळप्पा स्वतः एका हातानं घालायचा, एका हातानं फिरवायचा. दर सहा महिन्यांनी जात्याला टाकी द्यायचा. पुढे गावाकडची पांढरी ज्वारी मस्कतच्या दुकानात मिळायला लागली. तरी सिद्दूला अधूनमधून तांबडी लागायची. नीलम्मा नाक मुरडून करायची. स्वतः कधी खाल्ली नाही.

ब्याण्णव साली कंपनीचं काम संपलं. आम्ही सगळे एकाच महिन्यात परतलो. बाकीच्यांनी टीव्ही घेतले, टेप घेतले, ब्लँकेटं घेतली. विमानतळावर मडिवाळप्पानं काट्यावर कपडे, भांडी, लेकरांची दप्तरं ठेवली आणि शेवटी दोन गोणपाटांत बांधलेले दोन दगड ठेवले. एक्कावन्न किलो. एकट्या दगडांसाठी जादा वजनाचे पैसे भरावे लागणार होते. खिडकीतल्या माणसानं आकडा सांगितला. नीलम्मा म्हणाली, "भांडी ठेवू हितंच." सिंधु आता पंधरा वर्षांची होती. ती म्हणाली, "अप्पा, लातुरात गल्लीगल्लीत गिरणी हाय."  सिद्दू वरच्या दगडावर हात ठेवून उभा होता.

मडिवाळप्पानं पैसे भरले.

मुंबईत कस्टमवाल्यानं गोणपाट सोडलं, दगड वाजवला, आतून पोकळ आहे का बघितलं.

"काय आहे हे?"

"जातं."

"हिंदुस्थानात दगड संपले का?"

"हा बी उदगीरचाच हाय," मडिवाळप्पा म्हणाला. "जाऊन आलाय नुसता."

कस्टमवाल्यानं यादी वरून खालपर्यंत बघितली. जात्यावर किती कर घ्यायचा ते त्यात नव्हतं. त्यानं हातानंच जा म्हटलं.

मी एकटा गेलो होतो. कलेक्टर कचेरीच्या मागं माझं दोन मजली घर झालं. मडिवाळप्पाचा प्लॉट झाला नाही. तो अजून उदगीरला भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. लोक विचारतात, आठ-नऊ वर्षं मस्कतला राहून पगाराचं केलं काय? तो सांगत बसत नाही. मला माहीत आहे म्हणून मी लिहितो. आठ वर्षांचा पगार एका खोलीच्या भाड्यात, दोन लेकरांच्या दुधात आणि शाळेत गेला. आणि शेवटच्या महिन्याचा, शुक्रवार सोडून रोज दहा तास छिन्नी चालवून मिळालेला, जवळजवळ सगळा पगार त्या एक्कावन्न किलो दगडाच्या विमानभाड्यात गेला.